विनरार ७.१३च्या आधीचं असेल तर? लहान ऑफिसात सुरक्षा-त्रुटीची बातमी कशी हाताळायची

दहा-बारा कॉम्प्युटरच्या ऑफिसात वेगळा आयटीवाला नसतो. "तुला त्यातलं कळतं ना" म्हणून ते काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं. मग 'अमुक सॉफ्टवेअरमध्ये गंभीर त्रुटी, लगेच अपडेट करा' असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की सगळे त्याच्याकडे बघतात. हा लेख त्याच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून विनरार घेतलं आहे, म्हणजे अनेक फाइली दाबून एका रार फाइलीत बांधणारा आणि तशा फाइली उघडणारा प्रोग्राम. सीएच्या ऑफिसापासून डीटीपीच्या दुकानापर्यंत ते जवळपास प्रत्येक मशीनवर असतं, आणि क्रोमसारखं ते स्वतःहून अपडेट होत नाही. एकदा बसवलं की कुणी हात लावेपर्यंत तेच व्हर्जन वर्षानुवर्षं चालतं. या त्रुटीचा पाठपुरावा शेवटपर्यंत केला की पुढच्या कुठल्याही त्रुटीला हीच पद्धत चालते.

बातमी वाचताना काय शोधायचं

जाहीर झालेल्या बहुतेक त्रुटींना एक सीव्हीई नंबर, म्हणजे त्या त्रुटीचा जगभर वापरला जाणारा ओळख क्रमांक, असतो. आपल्या उदाहरणाचा नंबर सीव्हीई-२०२५-८०८८. मेसेजमध्ये असा नंबर नसेल तर तो पुढे पाठवू नका. आधी नंबर शोधा. नंबरातलं वर्ष हे त्रुटीला नंबर दिल्याचं वर्ष असतं, त्रुटी जन्मल्याचं नाही. विनरारमधलीच सीव्हीई-२०१८-२०२५० ही त्रुटी २०१९च्या फेब्रुवारीत जगासमोर आली, आणि ती तोवर १९ वर्षं प्रोग्राममध्ये पडून होती. एस नावाच्या जुन्या फॉरमॅटच्या फाइली उघडणाऱ्या एका डीएलएलमध्ये, म्हणजे प्रोग्राम वापरतो त्या कोडच्या सुट्या फाइलीत, ती होती. त्या डीएलएलचा सोर्स कोड विनरारवाल्यांकडेच नव्हता, म्हणून त्यांनी दुरुस्तीच्या नादी न लागता तो फॉरमॅटच काढून टाकला.

नंबर मिळाला की तीन गोष्टी कागदावर लिहा: कुठली व्हर्जन बाधित आहेत, कुठल्या व्हर्जनमध्ये दुरुस्ती आहे, आणि या त्रुटीचा वापर करून हल्ले सुरू झालेत का. भारतात सर्ट-इन ही सरकारी संस्था आपल्या संकेतस्थळावर अशा सूचना काढते. त्यात 'सॉफ्टवेअर अफेक्टेड' आणि 'सोल्यूशन' हे दोन भाग आधी वाचा, मधलं वर्णन नंतर वाचलं तरी चालतं. हल्ले सुरू आहेत का हे बघायला अमेरिकेच्या सिसा या संस्थेची केईव्ही नावाची यादी उपयोगी पडते. प्रत्यक्ष हल्ल्यात वापरल्या गेलेल्या त्रुटी तेवढ्याच तिच्यात येतात. यादी अमेरिकी सरकारी खात्यांसाठी असली तरी ती सगळ्यांना खुली आहे.

आपल्या उदाहरणाची नोंद अशी होते: विंडोजवरचं ७.१३च्या आधीचं विनरार बाधित. ३० जुलै २०२५ला आलेल्या ७.१३मध्ये दुरुस्ती, हल्ले दुरुस्ती येण्याआधीपासूनच सुरू. ईसेट कंपनीच्या संशोधकांना १८ जुलैला ही त्रुटी वापरली जाताना सापडली आणि सिसाने १२ ऑगस्टला ती केईव्हीत टाकली. अँड्रॉइडवरचं रार आणि युनिक्सवरची आवृत्ती यातून सुटली आहेत.

आता स्कोअरबद्दल, कारण बातम्या त्याच्यावरच भर देतात. सीव्हीएसएस नावाच्या मोजपट्टीवर ० ते १० गुण असतात; ७ ते ८.९ म्हणजे 'हाय' आणि ९पासून पुढे 'क्रिटिकल'. आपल्या त्रुटीला ८.४ गुण आहेत. म्हणजे कागदावर ती 'क्रिटिकल'सुद्धा नाही, कारण समोरच्या माणसाने फाइल उघडल्याशिवाय काही होत नाही. पण ज्या ऑफिसात दिवसभर अनोळखी लोकांच्या फाइली उघडणं हेच काम आहे, तिथे ही अट असून नसल्यासारखी. उलट उदाहरण द्यायचं तर २०२४च्या जुलैत ओपनएसएसएच या सर्व्हरवर दुरून लॉगइन करायच्या सॉफ्टवेअरमधली ८.१ गुणांची त्रुटी (सीव्हीई-२०२४-६३८७) जगभर गाजली. ती शोधणाऱ्या क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनाच प्रयोगशाळेतल्या ३२ बिट लिनक्सवर यशस्वी व्हायला सरासरी सहा ते आठ तास आणि जवळपास दहा हजार प्रयत्न लागत होते. दोन्हींचे गुण जवळजवळ सारखे आहेत, पण तुमच्या टेबलावरच्या मशीनच्या दृष्टीने दोघींची तुलनाच होत नाही. स्कोअर सगळ्यात शेवटी बघा.

फाइल उघडली की आत काय घडतं

विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर एका फाइलीला चिकटून दुसरा लपलेला मजकूर ठेवता येतो. त्याला अल्टरनेट डेटा स्ट्रीम म्हणतात. रार फाइलीतही असे स्ट्रीम साठवता येतात. हल्लेखोराने स्ट्रीमच्या नावात 'एक फोल्डर मागे जा, आणखी एक मागे जा' असा मार्ग लिहून ठेवला, तर जुनं विनरार तो मार्ग निमूट मानायचं. तुम्ही फाइल 'डाउनलोड्स'मध्ये उघडली तरी स्ट्रीममधला मजकूर भलत्याच फोल्डरात जाऊन पडायचा.

ते फोल्डर म्हणजे बहुतेक वेळा 'स्टार्टअप'. तिथे ठेवलेला शॉर्टकट पुढच्या लॉगइनला आपोआप चालतो. हे फोल्डर वापरकर्त्याच्या स्वतःच्या खात्यातलं असल्यामुळे तिथे लिहायला अ‍ॅडमिनची परवानगी लागत नाही. म्हणून 'या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का' ही विंडोजची नेहमीची खिडकीही येत नाही. विनरारमध्ये बघावं तर एकच निरुपद्रवी दिसणारी फाइल असते. युरोप आणि कॅनडातल्या कंपन्यांना गेलेल्या मेलमध्ये ती नोकरीच्या अर्जासोबतचा बायोडेटा होती.

हल्लेखोराला तुम्ही फाइल कुठल्या फोल्डरात उघडणार हे माहीत नसतं. म्हणून तो कमी-जास्त पायऱ्या मागे जाणारे अनेक मार्ग एकाच फाइलीत भरतो. त्यातले बरेच चुकतात, आणि विनरार त्या प्रत्येकासाठी एरर दाखवतं. त्याच गर्दीत कामाचा मार्ग लपून जातो. ऑफिसातल्या सगळ्यांना एवढं सांगून ठेवा: साध्या बायोडेट्याची फाइल उघडताना विनरारच्या खिडकीत एररची रांग दिसली, तर 'क्लोज' दाबून पुढच्या कामाला लागायचं नाही. मोबाइलवर त्या खिडकीचा फोटो काढायचा आणि हाक मारायची.

"मी एक्स्ट्रॅक्ट केलं नव्हतं, आत जाऊन नुसती फाइल बघितली" हे उत्तर हमखास येतं. विनरारच्या खिडकीत फाइलीवर डबलक्लिक केलं तरी ती आधी तात्पुरत्या फोल्डरात काढली जाते आणि मग उघडते. त्यामुळे 'नुसती बघितली' यालाही उघडणंच समजा.

पायरी १: कुठे काय आहे ते शोधा

सगळं काम इथे आहे. अपडेटला मशीनमागे पाच मिनिटं लागतात, शोधायला वेळ जातो.

प्रत्येक मशीनवर विनरार उघडा, 'हेल्प' मेन्यूत 'अबाउट विनरार' दाबा आणि व्हर्जन वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहा: मशीनचं नाव, कोण बसतं, विंडोज कुठलं, विनरार कुठलं. "माझ्याकडे लेटेस्टच आहे" हे लिहून घेऊ नका, आकडा स्वतः बघा. जून २०२५मध्ये सीव्हीई-२०२५-६२१८ या वेगळ्या त्रुटीसाठी ७.१२ आलं होतं, आणि तेव्हा मनापासून अपडेट केलेले लोक महिनाभरात पुन्हा जुने झाले.

आता विसरलेल्या प्रती. 'धिस पीसी' उघडून शोधपट्टीत इंग्रजीत विनरार टाइप करा आणि सर्च पूर्ण होऊ द्या. मोठ्या डिस्कवर त्याला वेळ लागतो. बहुतेक वेळा या जागा सापडतात:

– 'प्रोग्राम फाइल्स' आणि 'प्रोग्राम फाइल्स एक्स८६' या दोन्हींत विनरार. जुनी ३२ बिट प्रत तशीच राहून नवी ६४ बिट प्रत शेजारी बसलेली असते, आणि राइट क्लिकच्या मेन्यूत जुनीच चालू असू शकते.

– डी ड्राइव्हवरचं 'सॉफ्टवेअर' किंवा 'सेटअप' नावाचं फोल्डर. मशीन फॉरमॅट करणारा माणूस इथूनच सगळं बसवतो. त्यात पाच-सहा वर्षांपूर्वीचं विनरार असतं, बरेचदा क्रॅक केलेलं. आज अपडेट केलं तरी पुढच्या फॉरमॅटला जुनं व्हर्जन इथूनच परत येतं. हे फोल्डर साफ केल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

– पेनड्राइव्हवरची पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी प्रत.

– दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटातली अनरार नावाची डीएलएल. काही फाइल मॅनेजर आणि बॅकअपची साधनं रार उघडायला तीच वापरतात, आणि विंडोजवरची ही डीएलएलही बाधित आहे. विनरार अपडेट केल्याने ती बदलत नाही. त्या त्या प्रोग्रामचं नवं व्हर्जन लागतं.

पायरी २: अपडेट

विनरारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच इन्स्टॉलर घ्या. गुगलमध्ये नाव टाकून पहिली दिसेल ती लिंक दाबू नका. वरच्या एक-दोन लिंक जाहिराती असू शकतात आणि नकली डाउनलोड पानं तिथेच बसलेली असतात. ७.१३ किंवा त्यापुढचं जे असेल ते, ६४ बिट, एकदाच उतरवा. फाइलीवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'डिजिटल सिग्नेचर्स' या टॅबवर जा. सही करणाऱ्याच्या जागी विन.रार जीएमबीएच हे नाव दिसलं पाहिजे. टॅबच नसेल किंवा दुसरं नाव असेल तर ती फाइल डिलीट करा. तपासलेली फाइल पेनड्राइव्हवर घेऊन सगळीकडे तीच वापरा.

विनरार बंद करा आणि नवं जुन्यावरच बसवा, आधी काढायची गरज नाही. लायसन्स घेतलेलं असेल तर त्याची की इन्स्टॉलच्या फोल्डरात असते आणि ती तशीच राहते. नव्या व्हर्जनसाठी वेगळे पैसे पडत नाहीत. ३२ बिटवरून ६४ बिटवर जाताना मात्र फोल्डर बदलतं, म्हणून की आधी कॉपी करून ठेवा आणि नवं बसल्यावर जुनं 'सेटिंग्ज'मधल्या 'अ‍ॅप्स'मधून काढून टाका. विंडोजच ३२ बिट असलेल्या जुन्या मशीनवर हा इन्स्टॉलर चालणार नाही. तिथून विनरार काढा आणि रार फाइल दुसऱ्या मशीनवर उघडा. असं मशीन इंटरनेटवर ठेवण्याचाच खरं तर पुनर्विचार व्हायला हवा.

शेवटी पुन्हा 'अबाउट' उघडून आकडा वहीत लिहा. ही नोंद नसेल तर महिन्याभराने कुठलं मशीन राहिलं ते कुणालाच सांगता येत नाही.

विनरार लागतंच का, हाही प्रश्न विचारा. विंडोज ११ला २०२३च्या शेवटी आलेल्या अपडेटपासून रार फाइली स्वतः उघडता येतात. ऑफिसात फाइली फक्त उघडायच्या असतील, बनवायच्या नसतील, तर विनरार काढून टाकणं हा सगळ्यात टिकाऊ उपाय आहे. पासवर्ड लावलेल्या फाइलींचं काम पडत असेल तर काढण्याआधी तेवढं तपासून बघा. 'मग सेव्हन-झिप (विनरारसारखंच मोफत सॉफ्टवेअर) टाकू' म्हणणाऱ्यांसाठी: तेही आपोआप अपडेट होत नाही. त्यातल्या सीव्हीई-२०२५-०४११ या त्रुटीचा वापर युक्रेनमधल्या संस्थांवरच्या हल्ल्यांत झाला होता. तिची दुरुस्ती २४.०९ या व्हर्जनमध्ये आहे. सेव्हन-झिप टाकलंत तर वहीत त्याचाही रकाना करा.

पायरी ३: आधीच काही घुसलंय का

अपडेटने पुढचं दार बंद होतं. आधी येऊन बसलेलं त्याने निघत नाही. हा भाग लोक सर्रास सोडून देतात.

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. आलेल्या खिडकीत इंग्रजीत 'शेल', लगेच कोलनचं चिन्ह, लगेच 'स्टार्टअप' असं मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर करा. जे फोल्डर उघडेल ते साध्या ऑफिस मशीनवर रिकामं असतं किंवा त्यात ओळखीचे एक-दोन शॉर्टकट असतात. मग 'स्टार्टअप'च्या आधी 'कॉमन' आणि एक जागा घालून तेच पुन्हा करा. हे सगळ्या वापरकर्त्यांचं सामाईक फोल्डर आहे. मशीनवर दोन-तीन लॉगइन असतील तर पहिली तपासणी प्रत्येक लॉगइनमधून करावी लागते.

अनोळखी शॉर्टकट दिसला तर त्यावर डबलक्लिक करायचं नाही. राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि 'टार्गेट' या ओळीत तो काय चालवतो ते वाचा. 'टेम्प' किंवा 'अ‍ॅपडेटा'च्या आतली फाइल दिसली तर संशय पक्का धरा. ईसेटला सापडलेल्या शॉर्टकटांची नावं 'अपडेटर', 'सेटिंग्ज', 'डिस्प्ले सेटिंग्ज' अशी होती, म्हणजे कुणाला खटकणार नाहीत अशीच. नावावरून निर्धास्त होऊ नका. शॉर्टकटची तारीख बघा आणि त्या दिवशी त्या मशीनवर कुठली रार फाइल आली होती ते मेलमध्ये शोधा.

'टास्क मॅनेजर'मधला 'स्टार्टअप अ‍ॅप्स' हा टॅबही नजरेखालून घाला. त्यानंतर 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'स्कॅन ऑप्शन्स', आणि 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटं स्कॅन चालतो, म्हणून उघडी कामं आधी सेव्ह करा. टॅलीत कुणी एंट्री करत असताना हे दाबलंत तर दिवसभर ऐकून घ्यावं लागेल. वर काही संशयास्पद सापडलं असेल तर मात्र हा स्कॅन लगेच चालवू नका, आधी पुढचं वाचा.

काही सापडलं तर

क्रम महत्त्वाचा. आधी लॅनची वायर काढा, वाय-फाय बंद करा. मशीन बंद करू नका. मेमरीत असलेला पुरावा बंद केल्यावर जातो. डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, यूएसबी टोकन लावलेला असेल तर तो उपसा. टेंडर, जीएसटी, कंपनीची रिटर्न्स या सगळ्यांवर त्याच सहीने काम होतं आणि तो दिवसभर मशीनला लावून ठेवायची सवय जवळपास सगळ्या ऑफिसांत आहे. बॅकअपची बाहेरची डिस्क लावलेली असेल तर तीही काढा आणि दुसऱ्या मशीनला लगेच जोडू नका.

शॉर्टकट, त्याचं टार्गेट आणि मूळ मेल यांचे फोटो घ्या. काहीही डिलीट करू नका.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून किंवा मोबाइलवरून. बाधित मशीनवर बदललेला पासवर्ड टाइप होता होताच चोरीला जाऊ शकतो. पहिला नंबर ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे रीसेट तिथेच येतात. तिथे 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' हेही करा. ब्राउझरमधून चोरलेलं सेशन पासवर्ड बदलून आपोआप बंद होईलच असं नाही. मग बँक, मग जीएसटीसारखी पोर्टल्स.

पैसे गेले असतील किंवा जाण्याची भीती असेल तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तत्काळ फोन करा आणि बँकेलाही कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यांत पोचण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. कंपनी असेल तर आणखी एक बंधन आहे: सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायच्या असतात. आपली घटना त्यात बसते का हे मालकांनी आणि त्यांच्या सल्लागाराने ठरवायचं. तुमचं काम म्हणजे पहिल्यांदा कधी लक्षात आलं ती वेळ लिहून ठेवणं.

पंचनामा, तक्रार, तज्ज्ञाची तपासणी जे व्हायचं ते झाल्यावर ते मशीन साफ करत बसू नका. कागदपत्रं तेवढी तपासून काढून घ्या आणि विंडोज नव्याने बसवा, पण डी ड्राइव्हवरच्या त्या जुन्या 'सॉफ्टवेअर' फोल्डरातून नाही.

फाइली येण्याची वाट

भरतीची जाहिरात देणाऱ्यांनी 'बायोडेटा फक्त पीडीएफमध्ये' ही ओळ घालावी. मग रार फाइल आली तर ती उघडायचं कारणच उरत नाही. डीटीपी आणि फ्लेक्सच्या दुकानांना ही सोय नाही. फाँटसकट कोरलची फाइल रार करूनच येते. तिथे अशा फाइली उघडायला एक मशीन वेगळं काढा. त्यावर बँकेचं लॉगइन, डीएससी, मालकांचं ईमेल यातलं काही नको.

व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून येणारी एपीके फाइल हा प्रकार यापेक्षा वेगळा आहे. त्यात बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमधलं कुठलंच भोक वापरलेलं नसतं. अ‍ॅप टाकायची आणि एसएमएस वाचायची परवानगी माणूस स्वतः देतो. त्याला सीव्हीई नंबर नसतो आणि पॅचही येत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सअ‍ॅपला अनोळखी अ‍ॅप बसवायची परवानगी बंद ठेवणं, हा त्यावरचा इलाज.

महिन्यातून एकदा

मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. त्यामुळे त्यानंतरचा गुरुवार किंवा शुक्रवार या कामाला चांगला. तोवर अपडेटमुळे प्रिंटर बंद पडला वगैरे तक्रारी आल्या असतील तर त्याही कळतात. केईव्हीतली त्रुटी असेल तर मात्र दोन दिवसही थांबू नका. विंडोज १०चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे वहीतल्या त्या मशीनपुढे वेगळी खूण करा: वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी झाली आहे, की मशीन बदलायचं आहे.

मग वहीत असलेल्या पण स्वतःहून अपडेट न होणाऱ्या प्रोग्रामांकडे वळा: विनरार, सेव्हन-झिप, पीडीएफची साधनं, दूरवरून मशीन चालवायची सॉफ्टवेअर, राउटरचं फर्मवेअर. राउटर बहुतेकांच्या यादीत नसतोच. त्याचं मॉडेल खालच्या स्टिकरवर असतं. आत्ता उठून तेवढं लिहून घ्या.